डावा हात

खूण कधी खोटं बोलत नाही. माणूस बोलतो, वेळापत्रक बोलतं, क्वचित घड्याळही बोलतं. पण खांबावर लाल दिसलं की लाल आणि हिरवं दिसलं की हिरवं, त्यापलीकडे या जगात भरवसा ठेवण्याजोगं काही नाही, असं दशरथ तायडे याचं रेल्वेच्या सिग्नल खात्यात बावीस वर्षं काढल्यानंतरचं मत होतं. मागच्या पावसाळ्यात एका आडस्टेशनावर रिलेच्या पेटीत एक पाल शिरून मेली आणि तिने एकटीने दोन मालगाड्या आणि एक एक्स्प्रेस साडेतीन तास उभ्या करून ठेवल्या, तेव्हाही हे मत बदललं नाही. पाल काढणाऱ्यांत तो स्वतः होता. त्याच्या मते चूक पालीची होती, सिग्नलची नव्हे.

असा माणूस मुलींच्या गाईड पथकात पालक-स्वयंसेवक म्हणून गेला त्याला कारण कलावती, म्हणजे त्याची बायको. गौतमी अकरा वर्षांची झाली आणि जयपूरच्या रेल्वे कॉलनीतल्या त्या दोन खोल्यांत एक दार लागायला लागलं. पोरगी विचारलं तेवढ्याचं उत्तर देई, तेही हिंदीतून वळसा घालून मराठीत येणारं. कलावती म्हणाली, तुमच्या ड्यूट्या बघता बघता पोरगी कॉलेजात जाईल मंग बसाल अल्बम उघडून, त्यापेक्षा शनिवारी तिच्यासंगं जा. दशरथने फॉर्म आणला, वाचला, निळ्या शाईने भरला आणि ‘कोणत्या शनिवारी ड्यूटी देऊ शकाल’ या रकान्यात ‘सर्व’ असं लिहिलं. बाकीच्या पालकांनी तिथे एकेक तारीख लिहिली होती. राठौड़ मॅडमनी, पथकाच्या कॅप्टनने, तो फॉर्म दोनदा वाचला आणि मग दशरथकडे असं पाहिलं की जणू सरकारने न मागता काही तरी मंजूर केलं आहे. त्याच्या गळ्यात त्यांनी तिथल्या तिथे एक शिट्टी अडकवली. झोटवाड्यातल्या दुकानातली, पितळी, आत वाटाणा असलेली. ‘ये आपकी,’ म्हणाल्या. दोन आखूड म्हणजे टोळीच्या नायिकेने धावत यायचं, एवढं त्यांनी शिकवलं आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

मग पहिल्या शनिवारी कॉलनीच्या मैदानावर झेंडा वर गेला आणि राठौड़ मॅडमनी नियम सांगितला. नियम पालकांसाठी होता. मागे म्हणे एक वडील आपल्याच मुलीच्या दोरीच्या गाठी सोडवून द्यायचे, एक आई मुलीला सावलीत बसवायची. तेव्हा आता यहाँ कोई किसी का पापा नहीं, कोई किसी की बेटी नहीं, झंडे से विसर्जन तक, म्हणजे दिवसाअखेर पथक सुटेपर्यंत. दशरथला हे फार पटलं. ड्यूटी म्हणजे ड्यूटी. त्याने मान हलवली आणि मान हलवून होते न होते तोच मुली रांगेने नव्या ‘सरां’ना भेटायला आल्या. त्यांच्यात हस्तांदोलन डाव्या हाताने करतात. उजवा हात तेव्हा सलामीत असतो, आणि डावा म्हणे काळजाच्या जवळचा. सात-आठ मुलींचे घामट, वळवळते डावे हात त्याने हातात घेऊन सोडले. नववी गौतमी होती. सांगानेरहून छापून आणलेला निळा स्कार्फ, दोन वेण्या, कपाळावर तीन बोटं. ‘नमस्ते सर. गौतमी तायडे, नायिका, गुलाब टोळी,’ असं म्हणून तिने डावा हात पुढे केला. त्याने तो घेतला. हात कोरडा होता, थंड होता, आणि वजनाने अगदी बरोबर होता, हे दशरथला नंतर आठवत राहिलं. जेवढं वजन परक्या माणसाच्या हातात ठेवायचं असतं तेवढंच तिने ठेवलं होतं. तिची नजर त्याच्या कानापाशी कुठे तरी होती. तो हसला. ती हसली नाही. पुढची मुलगी आली.

केळी वाटण्याचं काम ड्यूटीवरच्या पालकाचं. झेंडा उतरवून राठौड़ मॅडम सामानाच्या खोलीला कुलूप लावायला गेल्या, दशरथने केळी वाटली, मुली सालं डब्यात टाकून पांगल्या आणि दिवस संपला. त्याने स्कूटर काढली. गौतमी मागे बसली, पण रोजच्यासारखी त्याच्या शर्टाला धरून नाही. मागचं लोखंडी कॅरिअर धरून. गतिरोधकावर तिचं वजन मागच्या मागे गेलं तेव्हा त्याने सवयीने पोट आत घेतलं, कारण अशा वेळी तिथे एक मूठ येत असे. मूठ आली नाही. घरी त्याने हातपाय धुतले. स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘सर, जेवण लागलं.’

कलावतीला हसू आवरेना. तिने शेजारच्या सुलोचनाबाईंना खिडकीतून बोलावून सांगितलं. दशरथही दोन-तीन दिवस हसला. पोरीने खेळ अंगात भिनवून घेतला, चांगलंच आहे, शिस्त आपल्यावर गेली. चौथ्या दिवशी त्याने हसणं थांबवलं तेव्हा लक्षात आलं की हसणारे ते दोघेच होते. गौतमी खेळत नव्हती. खेळणारं मूल मधेच फुटतं, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतं, दार लावताना खुदकन हसतं. ती तसं काही करत नव्हती. तो खोलीत आला की उठून उभी राही. पाण्याचा तांब्या डाव्या हाताने देई. त्याने एकदा जरा आवाज चढवून विचारलं की हे काय चाललंय, तर म्हणाली, ‘नियम आहे ना, सर,’ आणि तेही सौम्यपणे, डॉक्टर नातेवाइकाला सांगतो तसं. नियम आहे म्हटल्यावर दशरथला पुढे बोलता येत नसे. ही त्याची जुनी अडचण होती.

तिच्याकडून हाक येत नव्हती एवढंच असतं तर एक वेळ चाललं असतं. पण बाकी सगळ्यांना नाती होती. भाजीवाला भैया होता, चौकीदार काका होता, सुलोचनाबाई मावशी होत्या, गेटपाशी इस्त्री करणारा म्हातारा तर चक्क दादाजी होता. साऱ्या कॉलनीत सर एकटा दशरथ. कलावती त्याला लग्नापासून नावाने हाक मारत नव्हती. पहिली चारेक वर्षं नुसतं ‘अहो’ आणि पोरगी झाल्यावर ‘गौतमीचे बाबा’. आता ती अंगणातून ‘गौतमीचे बाबा, गॅस आला’ म्हणे, आणि दशरथ सिलेंडर उचलायला जाता जाता क्षणभर थबके, ती दुसऱ्या कुणाला तर बोलवत नाही ना, म्हणून. एका रविवारी त्याने खरंच अल्बम उघडला. त्याला सहज बघायचं होतं. बाळ गौतमी कलावतीच्या मांडीवर, गौतमी चैत्यभूमीला गर्दीत कुणाच्या तरी खांद्यावर, आमेरच्या किल्ल्यात आईचा पदर धरून, वाढदिवसाच्या केकसमोर, मागे भिंतीवर बुद्धाची तसबीर. पानं संपली तेव्हा त्याने परत पहिल्यापासून पाहिलं. दोघांचा एकत्र असा एकही फोटो नव्हता. अर्थात, कॅमेरा त्याच्याच हातात असे. एकाच फोटोत तो होता, सांजेच्या उन्हात जमिनीवर पसरलेली एक लांब सावली, डोकं गौतमीच्या चपलांपाशी. गौतमी त्या सावलीकडे बघत होती. तीन वर्षांची होती तेव्हा. तिचा चेहरा घाबरलेला नव्हता, पण ओळखीचाही नव्हता.

मग घरात खुणा दिसायला लागल्या. माग काढायच्या खुणा मुलींना तिसऱ्या शनिवारी शिकवल्या होत्या, त्यामुळे यात भिण्यासारखं काही नव्हतं. न्हाणीघराच्या उंबऱ्यावर काडेपेटीच्या तीन काड्यांचा बाण. गॅलरीत दगडावर दगड. म्हणजे रस्ता हाच. तिच्या खोलीच्या दाराशी आईस्क्रीमच्या दोन काड्या एकमेकींवर आडव्या. म्हणजे इकडे येऊ नये. दशरथ त्या फुलीपाशी उभा राही. आत ती पुटपुटत काही तरी पाठ करत असायची. फुली ओलांडायला एक पाऊल पुरलं असतं, कलावती दिवसातून दहादा ओलांडायची, एकदा तर तिने ती केरसुणीने लोटून दिली. पण त्याच्याने झालं नाही. लाल म्हणजे लाल. तिथे उभं असताना त्याला भुसावळ आठवायचं, यार्डाच्या पलीकडची ती तापलेली लाइन आणि हातातला जेवणाचा डबा. त्याचा बाप बळवंत चावीवाला होता. खांद्यावर हातोडा घेऊन रोज आठ किलोमीटर रूळ चालायचा, सैल झालेल्या चाव्या ठोकत. दशरथ नऊ वर्षांचा होता. डबा घेऊन तो रुळाच्या कडेला उभा राहिला, बाप येताना दिसला तसा ‘बाबा’ म्हणून ओरडला, आणि बाप आला आणि चालत पुढे गेला. डोळे रुळावर. ठक, ठक. लांबून साहेबाची तपासणीची ट्रॉली येत होती हे दशरथला मागाहून दिसलं. तोपर्यंत बाप सात-आठ खांब पुढे गेला होता आणि त्याच्या पाठीवरून तो कुणाचाही बाप असू शकला असता. संध्याकाळी घरी दोघांनी भाकरी खाल्ली. ड्यूटीवर कुणी कुणाचं नसतं, एवढं बाप म्हणाला, तेही ताटाकडे बघून. ते वाक्य दशरथला तेव्हा पटलं होतं आणि अजूनही पटतच होतं. फक्त बापाची ड्यूटी पाचला संपायची.

सातव्या शनिवारी पथक कानोत्याच्या धरणावर गेलं. फेब्रुवारी सरत आला होता. पाणी आटून मागे सरकलेलं, भोवती चिखलाची भेगाळलेली पट्टी, तीवर बगळे, वर बाभळी आणि एक पडकी दगडी छत्री. दशरथकडे माग घालायचं काम होतं. तासभर आधी निघायचं, बंधाऱ्यापासून बाभळींमधून पाण्यापर्यंत खुणा ठेवत जायचं, आणि शेवटी चुन्याचं वर्तुळ काढून मधोमध एक दगड ठेवायचा. त्या खुणेचा अर्थ ‘मी घरी गेले.’ माग तिथे संपतो. मग मुली टोळ्याटोळ्यांनी येतात आणि केळी खातात.

काम त्याच्या हातचं होतं. त्याने दर तीस पावलांवर खूण ठेवली, लांबून नीट दिसेल अशी, डोळ्याच्या उंचीचा विचार करून, वळणाच्या आधी एक सूचक, वळणावर एक मुख्य. बावीस वर्षांत एवढं समाधान त्याला खात्याने दिलं नव्हतं. छत्रीपाशी वाट फुटत होती, एक खाली पाण्याकडे आणि एक वर वळसा घालून परत बंधाऱ्याकडे. त्याने बाण खालच्या वाटेला ठेवला. पट्टीच्या कडेला, जमीन घट्ट होती तिथे, वर्तुळ काढलं, दगड ठेवला आणि बाभळीच्या विरळ सावलीत बसला. साडेअकरा झाले. बारा झाले. ऊन पांढरं झालं, बगळे एका पायावर थांबले, पाण्याचा आवाज नाही, वाऱ्याचा नाही, पस्तीस मुलींचा तर नाहीच. पस्तीस मुली एक कोसभर रानात असताना इतकं शांत असणं शक्य नाही, असं त्याने स्वतःशी म्हटलं, आणि म्हटल्यावर ते जास्तच शांत झालं. सव्वाबाराला तो उठला आणि आपल्याच मागाने उलटा निघाला.

सगळ्या खुणा जागेवर होत्या. तिसऱ्या की चौथ्या खुणेपाशी तो थांबला. त्याचा बाण जिथे होता त्याच्या बरोब्बर समोर, वाटेच्या दुसऱ्या अंगाला, दुसरा बाण होता. तशाच काटक्यांचा, तेवढाच लांब. पुढे दगडावर दगड, आणि समोर दगडावर दगड. गवताची गाठ, समोर गवताची गाठ. वाटेच्या मधोमध उभं राहिलं की एका हाताला त्याने घातलेला माग होता आणि दुसऱ्या हाताला तोच माग, कुणी घडी घालून उलटा उमटवल्यासारखा. हे त्याने ठेवलेलं नव्हतं. आपण काय ठेवलं आणि काय नाही हे त्याला माहीत असे. खात्यात त्यावरच माणसं जगतात. धुळीत बुटांचे लहान ठसे होते, बरेच, एकामागे एक, आणि त्यातला एकही भरकटलेला नव्हता, उड्या मारलेला नव्हता, थांबून फूल तोडायला वळलेला नव्हता. अकरा वर्षांच्या मुली अशा चालत नाहीत. दशरथ मागे वळला. छत्रीच्या फाट्यावर परत आला तेव्हा त्याला दिसलं की इथे एक खूण जास्त आहे, वर जाताना नजरेतून सुटलेली. खालच्या, पाण्याकडे जाणाऱ्या वाटेवर, उजव्या हाताला, आईस्क्रीमच्या दोन काड्या. एकमेकींवर आडव्या.

म्हणजे तो खाली बसला होता तेव्हा ती इथवर आली होती. इथून तो दिसत असणार. बाभूळ काही मोठी नव्हती. ती आली, त्याला बसलेलं पाहिलं, त्याच्याकडे येणाऱ्या वाटेवर फुली टाकली आणि सगळ्यांना घेऊन गेली. कुठे गेली? त्याच्या डोक्यात ते वर्तुळ आलं, चुन्याचं, मधला दगड, मी घरी गेले. ते त्याने स्वतः काढलं होतं आणि तरी आता ते तिने लिहिल्यासारखं वाटत होतं. घरी म्हणजे कुठे? भुसावळ तिने दोनदा पाहिलं होतं. दोन खोल्यांत ती राहत होती, पण तिथे तिच्या दाराशी फुली होती. पाणी अगदी सपाट पडलं होतं. त्या सपाटीवर कडेपासून थोडं आत काही तरी निळं दिसलं, स्कार्फएवढं, आणि तो स्कार्फ होता की नुसतं आकाश हे वरून ठरेना.

फुलीपुढे तो किती वेळ उभा राहिला कुणास ठाऊक. त्याच्या भाषेत याला एकच शब्द होता, आणि ज्या ड्रायव्हरने ते केलं त्याची नोकरी जायची. दशरथने धोक्याचा सिग्नल ओलांडला. उतारावरून तो धावला, वर्तुळ बुटाने पुसलं गेलं, घट्ट जमीन संपली, वरून वाळलेली दिसणारी पपडी फुटली आणि तो गुडघ्यापर्यंत काळ्या, गार, मऊ चिखलात उभा राहिला. निळं होतं ते आकाशच. त्याने पाय ओढला, दुसरा रुतला. चिखल ओढत नव्हता, फक्त धरून होता, बाळाच्या मुठीसारखा. तेव्हा त्याने वर पाहिलं. बंधाऱ्याच्या भिंतीवरून मुली चालल्या होत्या, एका रांगेत, लांब, लहान, त्यांचा आवाज इथवर येत नव्हता. सर्वांत पुढे दोन वेण्या. ‘गौतमी,’ तो ओरडला. रांग चालत राहिली. त्याने पुन्हा ओरडून पाहिलं, आणि मधेच आपला आवाज त्याला नऊ वर्षांच्या पोराचा वाटला, हातात डबा असलेल्या. कुणी वळलं नाही. शेवटी त्याने शिट्टी तोंडात घेतली. दोन आखूड.

रांग जागच्या जागी थांबली. पुढची आकृती वेगळी झाली आणि धावत, वरच्या वाटेने वळसा घेऊन, छत्रीपाशी आली, फुली बघून थांबली, ती उचलून खिशात घातली आणि मग खाली उतरली. घट्ट जमिनीच्या कडेला उभी राहून तिने सलामी दिली.

‘सर, तिथे खूण होती.’

‘बघितली.’

‘दलदल आहे म्हणून लावली. तुम्ही झोपला होता.’ तिने थोडा विचार केला. ‘तुमच्या सगळ्या खुणा लेफ्टला होत्या, सर. माग राइटला असतो. बाकी टोळ्यांना दिसला नसता, मतलब मी राइटला पण लावला. तुमच्या नाही हलवल्या.’

रेल्वेचे सिग्नल रुळाच्या डाव्या हाताला असतात. दशरथच्या मनात आलंही नव्हतं की जगात खूण दुसऱ्या बाजूलाही ठेवतात. चिखल गुडघ्याच्या वर आला नव्हता, तेवढ्यावरच थांबला होता. तिने पाय रोवले आणि डावा हात पुढे केला. त्याने तो धरला, पण ओढू दिला नाही.

‘गौतमी, मी कोण?’

‘सर.’

‘आणि घरी?’

‘घरी पण.’

‘कुठवर?’

तिने पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत पाहिलं. अडाणी माणसाकडे बघतात तसं, पण दयेनं. ‘विसर्जन होईपर्यंत. झेंड्यापासून विसर्जनापर्यंत, मॅडम बोलल्या ना. सहा शनिवार झाले, विसर्जन झालंच नाही. एक लांब शिट्टी असते. वाजलीच नाही.’

‘बाकीच्या पोरी?’

‘त्या केळी खाऊन घरी जातात,’ गौतमी म्हणाली. तिच्या आवाजात असं काही होतं की त्या मुलींचं पुढे काय होणार हे दशरथला स्पष्ट दिसलं. मग ती खाली बघून म्हणाली, ‘मला पण कंटाळा आला. पण मी कसं तोडू?’ तिचा अंगठा त्याच्या हाताच्या पाठीवर हलला, तिच्या नकळत. ‘शिट्टी तुमच्याच गळ्यात आहे.’

त्याने मोकळ्या हाताने शिट्टी तोंडाकडे नेली. तिला चिखल लागला होता. पहिली फुंक नुसती हवा गेली, वाटाणा अडकला होता. दुसरी लांब वाजली, छातीतली हवा संपेपर्यंत; बगळे उठले, बंधाऱ्यावरची रांग एकदम विस्कटली आणि मुलींचा कालवा पाण्यावरून आला. गौतमीने स्कार्फची गाठ सोडली. मग तिने दोन्ही हातांनी त्याचा शर्ट धरला आणि ओढलं, आणि तो बाहेर आला.

‘बाबा,’ ती म्हणाली, ‘तुमचा एक बूट आत राहिला.’

परत येताना बसमध्ये ती त्याच्या दंडावर डोकं टाकून तोंड उघडं ठेवून झोपली होती. राठौड़ मॅडम पुढच्या सीटवर फाईल चाळत होत्या. दशरथने त्यांना, एक पाय अनवाणी, शक्य तितक्या सरकारी आवाजात विचारलं की विसर्जनाची शिट्टी सहा आठवडे का वाजवली गेली नाही, ही जबाबदारी नेमकी कोणाची. त्यांनी निळ्या शाईत भरलेला त्याचा फॉर्म काढला आणि उलटा करून त्याच्या हातात दिला. ती शिट्टी ड्यूटीवरच्या पालकाने वाजवायची असते, असं मागच्या बाजूला छापलेलं होतं. दशरथने फॉर्मची पुढची बाजू वाचली होती.